टिपणवही संगणकावर आणताना : मंच व साधनसंच यांची निवड

टिपणे ठेवण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. शिक्षकाची पाठटाचणाची वही, पंचायत सचिवाची ग्रामसभेच्या इतिवृत्ताची वही, शेतकऱ्याने ठेवलेली पेरणी व खताची नोंद, ही सारी टिपणेच होत. सत्तरी तालुक्यातील आंबेडे येथे १९०६ साली जन्मलेले पंडित महादेवशास्त्री जोशी यांनी भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड सिद्ध केले. एवढे कार्य सुव्यवस्थित टिपणांवाचून उभे राहणे अशक्यच. टिपण हवे त्या वेळी हाती लागले, तरच ते लिहिल्याचे सार्थक होते.

आज हे काम संगणकावर व फोनवर होऊ लागले आहे. एकच टिपण कार्यालयातील विंडोज संगणकावर लिहावे, शाळेतील लिनक्स संगणकावर वाचावे आणि वाटेत अँड्रॉइड फोनवर त्यात भर घालावी, अशी साहजिकच अपेक्षा असते. असे ॲप्लिकेशन स्वतः तयार करणाऱ्यांनी, अथवा करवून घेणाऱ्या शाळा व संस्थांनी, कोणत्या गोष्टींचा विचार करावा, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

आधी टिपण, मग यंत्र

साधने बदलतात, टिपणे मात्र टिकावी लागतात. एके काळी सर्वत्र वापरात असलेल्या फ्लॅश या साधनाचा पाठिंबा डिसेंबर २०२० मध्ये संपला. मायक्रोसॉफ्टच्या झामरिन या साधनसंचाची मुदत १ मे २०२४ रोजी संपली. म्हणून पहिला प्रश्न साधनाचा नसून साठवणीच्या स्वरूपाचा असतो. ॲप्लिकेशन बंद पडले, तरी टिपणे दुसऱ्या साधनाने उघडता आली पाहिजेत.

याचे दोन खात्रीचे मार्ग आहेत. एक, प्रत्येक टिपण साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवणे. मथळे, याद्या वगैरेंसाठी जॉन ग्रुबर यांनी २००४ साली मांडलेली मार्कडाउन ही पद्धत सोयीची आहे. दुसरा मार्ग एस्क्यूलाइट या माहितीकोशाचा. तो २००० सालापासून उपलब्ध असून सर्वांसाठी मुक्त आहे. सर्व टिपणे त्याच्या एकाच फाइलीत राहतात आणि शोध जलद होतो. यांपैकी कोणताही मार्ग घेतला, तरी सर्व टिपणे एकत्र बाहेर काढण्याची सोय पहिल्या दिवसापासून असावी.

मंचांची निवड

विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड व आयफोन हे आजचे पाच प्रमुख मंच. पाचही एकदम हाती घेण्याचा मोह टाळावा. ॲप्लिकेशन वापरणाऱ्यांच्या हाती प्रत्यक्ष कोणती यंत्रे आहेत, याची आधी नोंद करावी. कार्यालयात विंडोज आणि हाती अँड्रॉइड फोन, अशी स्थिती असेल, तर तेथूनच आरंभ करावा. खर्चाचाही विचार हवा. आयफोनसाठी ॲप बांधावयाचे, तर मॅक संगणक लागतो आणि ॲपलच्या दुकानात ते ठेवण्यासाठी वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात. गूगलच्या दुकानाची नोंदणी एकदाच २५ डॉलर भरून होते.

साधनसंचांचे प्रकार

पडद्यावरील खिडक्या, बटणे व लेखनपेट्या घडविणाऱ्या तयार सामग्रीस साधनसंच, म्हणजेच टूलकिट, म्हणतात. गवंड्याला जसा थापी, ओळंबा व लेव्हल यांचा संच, तसाच प्रोग्रॅमरला हा संच. त्याचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार प्रत्येक मंचाचीच बटणे व पेट्या वापरतो. १९९२ साली एडिंबरो विद्यापीठात सुरू झालेला, आज डब्ल्यूएक्सविजेट्स या नावाने ओळखला जाणारा संच, तसेच फेसबुकने २०१५ साली खुला केलेला रिॲक्ट नेटिव्ह हे या वर्गातील होत. पहिला मुख्यतः टेबलावरील संगणकांसाठी, तर दुसरा मुख्यतः फोनसाठी आहे.

दुसरा प्रकार सर्व काही स्वतःच रेखाटतो, त्यामुळे सर्व मंचांवर रूप सारखे राहते. नॉर्वेत १९९१ साली ज्याचे काम सुरू झाले तो क्यूट आणि गूगलचा फ्लटर हे याचे नमुने. दोन्ही संगणकावर व फोनवर चालतात. क्यूट वापरताना मात्र त्याच्या परवान्याच्या अटी आधी वाचून घ्याव्यात.

तिसरा प्रकार वेब ब्राउझरलाच पोटात घेतो. २०१३ साली गिटहबमध्ये आरंभ झालेला इलेक्ट्रॉन हा त्यातील प्रमुख. ऑब्सिडियन व जॉप्लिन ही टिपणांची प्रसिद्ध ॲप्लिकेशने संगणकावर याच पायावर उभी आहेत. वेबपानांची विद्या अवगत असणाऱ्यास तो सुलभ वाटतो. मात्र प्रत्येक ॲप्लिकेशनबरोबर संपूर्ण ब्राउझर येत असल्याने ते आकाराने मोठे होते आणि स्मृतीही अधिक व्यापते. शाळेतील जुन्या संगणकांवर याचा भार जाणवतो.

देवनागरीची कसोटी

मराठी व कोंकणी लिहिणाऱ्यांसाठी ही कसोटी सर्वांत महत्त्वाची. युनिकोड येण्यापूर्वी अनेक फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली, की अर्थहीन चिन्हे दिसत. कित्येकांचा वर्षांचा मजकूर असा अडकून पडला. म्हणून साठवण युनिकोडमध्येच हवी.

एवढ्यानेही भागत नाही. ‘क्ष’ हे डोळ्यांना एक अक्षर दिसते, परंतु संगणकात ते क, हलन्त चिन्ह व ष अशा तीन संकेतांचे असते. ‘शेतकऱ्याला’ या शब्दातील ऱ्य तर तीन निरनिराळ्या रीतींनी साठविला जाऊ शकतो : ऱ या स्वतंत्र संकेताने, र व नुक्ता यांच्या जोडीने, अथवा र, हलन्त व एका अदृश्य जोडचिन्हाने. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. ॲप्लिकेशनने ही रूपे एकसारखी करून घेतली नाहीत, तर एका रीतीने लिहिलेले टिपण दुसऱ्या रीतीने शोधता सापडत नाही. शिक्षकाला वाटते, टिपण हरवले. वस्तुतः ते तेथेच असते.

तेव्हा साधनसंच पक्का करण्यापूर्वी त्यात एक छोटी लेखनपेटी बनवावी आणि जोडाक्षरे, रफार व ऱ्य यांचे लेखन, खोडणे, निवडणे व शोधणे प्रत्यक्ष करून पाहावे. ही परीक्षा प्रत्येक मंचावर स्वतंत्रपणे घ्यावी.

दोन यंत्रांतील मेळ

डोंगराळ भागात नेटवर्क सर्वकाळ मिळत नाही. म्हणून टिपण आधी यंत्रातच साठावे आणि जोडणी मिळताच इतर यंत्रांशी त्याचा मेळ घातला जावा. केवळ ब्राउझरमधील साठवणीवर विसंबू नये, कारण जागा अपुरी पडल्यास ब्राउझर ती माहिती काढून टाकू शकतो. एकच टिपण दोन ठिकाणी बदलले गेले, तर एक प्रत मुकाट्याने पुसून टाकण्याऐवजी दोन्ही प्रती ठेवाव्यात व निर्णय लिहिणाऱ्यावर सोपवावा.

सारांश, साठवणीचे स्वरूप, वापरणाऱ्यांची यंत्रे, देवनागरीची परीक्षा आणि शेवटी साधनसंच, असा निवडीचा क्रम ठेवावा. हाती असलेल्या माणसांना जी संगणकभाषा येते, तिचाही विचार करावा, कारण पुढील दुरुस्त्या त्यांनाच करावयाच्या असतात. या क्रमाने काम केल्यास उद्या साधन बदलले, तरी शिक्षकाचे पाठटाचण आणि ग्रामसभेचे इतिवृत्त पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप पोहोचेल.