गळावरचे दुहेरी आमिष

अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन या सरोवरांच्या मुलखात हिवाळ्यात पाणी गोठले म्हणजे बर्फाला वीतभर रुंदीचे भोक पाडून ‘ब्लूगिल’ या, तव्यात अखंड मावणाऱ्या चपट्या माशाची जी शिकार चालते, तीत शिशाच्या अगर टंगस्टनच्या रंगीत गोळीत बसविलेल्या बारीक गळावर मेणकिड्याची जिवंत अळी टोचण्याचा दस्तूर आहे. आपल्याकडील मधपाळ पोळ्याची वैरीण म्हणून जिला हुडकून मारतात, तीच ही अळी.

बनावट आमिष हाताशी असता या अळीची तजवीज कशासाठी, हे माशाच्या इंद्रियांकडे पाहिल्यावाचून उमगत नाही. गोळीची चमक दुरून खुणावते, आणि तिच्या हेलकाव्यांनी उठणारे सूक्ष्म तरंग माशाच्या पार्श्वरेखेला, म्हणजे पाण्याची हालचाल टिपणाऱ्या कुशीवरील इंद्रियाला, जाणवतात; परंतु ब्लूगिल जवळ येऊन निश्चल थांबतो, न्याहाळतो, मग मुखपोकळी एकाएकी फुगवून पाण्यासकट घास आत ओढतो, आणि तो निर्जीव धातूचा निघाल्यास तितक्याच त्वरेने थुंकून टाकतो. अळीच्या अंगातून पाझरणारी अमिनो आम्ले त्याच्या घ्राणेंद्रियास व रुचिकलिकांस अन्नाची ग्वाही देतात. घास क्षणभर अधिक तोंडात रेंगाळतो, आणि तेवढ्याच अवधीत दोरी खेचावयाची असते.

शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट, तर टंगस्टनची १९.३ पट, म्हणून तेवढ्याच वजनाची टंगस्टनची गोळी आकाराने लहान होते, झरझर तळ गाठते, आणि ब्लूगिलच्या चिमुकल्या तोंडात सहज शिरते. अळी मात्र एका टोकाशी हलकेच टोचावी. तिचे उरलेले अंग मोकळे वळवळले पाहिजे.