वेगळा कप कशासाठी? डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या संशोधनाची गोष्ट

बावड्याच्या आमच्या वस्तीत काही वर्षांपूर्वी एका घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वंदना झाली, चहा फिरू लागला. सगळ्यांच्या हातात कपबशी आणि एका ताईंच्या हातात मात्र कागदी पेला. त्यांचे मालक दीर्घ आजारात गेले होते आणि त्यावरून वस्तीत कुजबुज चालू होती. ताईंनी चहा घेतला, पेला मुठीत चुरगाळला आणि कुणाशी न बोलता घरी गेल्या. आम्ही तिथेच बसलो होतो. आम्ही पाहिले आणि गप्प राहिलो.

आमच्या आजोबांना हॉटेलाबाहेर कानतुटक्या कपात चहा मिळायचा. तो कप कुठे टांगलेला असायचा हे त्यांनी आम्हाला सांगितले आहे. त्याच वस्तीत आम्ही दुसऱ्या कुणाचा कप वेगळा केला. म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानावर एचआयव्हीची माहिती देत आहोत आणि ती देताना एका मराठी घरातल्या स्त्री शास्त्रज्ञाची गोष्ट सांगत आहोत.

डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, चामड्याचा व्यापार करणारे हे मराठी कुटुंब. लहानपणी दरवर्षी लस टोचायला आरोग्य अधिकारी घरी यायचे. त्यांना पाहून सुनीतीबाईंच्या मनात डॉक्टर व्हायचे आले. मद्रास मेडिकल कॉलेजात शिक्षण झाले. हृदयशस्त्रक्रिया करणारे डॉ. व्हिक्टर सॉलोमन यांच्याशी विवाह झाला. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथे शिकून व काम करून त्या १९७३ मध्ये परत आल्या आणि आपल्याच कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवू लागल्या.

१९८१ मध्ये अमेरिकेत या आजाराचे पहिले रुग्ण नोंदवले गेले. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विषाणू सापडला. हा परदेशातला रोग आहे, आपल्याकडे तो येणार नाही, असे तेव्हा आपल्या देशात अनेकांना वाटत होते. सुनीतीबाईंचे म्हणणे साधे होते. तपासल्याशिवाय 'नाही' म्हणता येत नाही. त्यांनी सेल्लप्पन निर्मला या आपल्या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी हाच विषय दिला.

निर्मला यांनी चेन्नईच्या सुधारगृहात ठेवलेल्या, देहविक्रय करावा लागलेल्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले. साठवायची सोय नव्हती म्हणून नमुने घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. चेन्नईत तपासणीचीही सोय नव्हती. फेब्रुवारी १९८६ मध्ये बर्फाच्या पेटीत नमुने घालून त्या रात्रीच्या रेल्वेने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजकडे निघाल्या. तिथे सहा नमुने पिवळे झाले. पिवळा रंग म्हणजे एचआयव्हीची खूण. त्या स्त्रियांचे रक्त पुन्हा घेऊन अमेरिकेत पक्की तपासणी झाली. भारतात एचआयव्ही आहे, हे सिद्ध झाले. मे महिन्यात तमिळनाडूच्या आरोग्यमंत्र्यांनी ते विधानसभेत जाहीर केले.

त्या सहा स्त्रियांची नावे कुणाला माहीत नाहीत. रक्त नेमके कशासाठी घेतले जात आहे, हेही त्यांना सांगितले गेले नव्हते. देशाला सावध केले ते या गरीब स्त्रियांच्या रक्ताने, हे आपण विसरता कामा नये. आज कायद्याने अशी तपासणी संमतीशिवाय करता येत नाही.

आता हा विषाणू करतो काय ते पाहू. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये सीडी-४ नावाच्या पेशी असतात. गावात चोर शिरला की पहिली हाळी देणारा जो असतो, त्याचे काम या पेशी शरीरात करतात. त्यांच्या हाळीवर बाकीच्या पेशी लढायला निघतात. एचआयव्ही नेमका या हाळी देणाऱ्यालाच गाठतो. मग क्षयरोगासारखे आजार शिरतात आणि आतून कुणी ओरडत नाही. निरोगी माणसात रक्ताच्या एका बारीक थेंबात, म्हणजे एका घन मिलिमीटरमध्ये, या पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. त्या २०० च्या खाली गेल्या की त्या अवस्थेला एड्स म्हणतात. म्हणजे एचआयव्ही असणे आणि एड्स होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधे कित्येक वर्षांचे अंतर असते आणि वेळेवर औषध मिळाले तर एड्सची अवस्था टाळता येते.

दुसरी गोष्ट. हा विषाणू आपली नक्कल करून ती पेशीच्या मूळ नोंदीतच घुसवतो. परक्याने आपल्या सातबाऱ्यावर नाव चढवावे, तसे. रोजच्या गोळीने त्याची वाढ थांबते, पण चढलेले नाव पुसले जात नाही. म्हणूनच बरे वाटले तरी गोळी बंद करायची नसते. शिवाय तो आपले रूप सतत बदलतो. शरीराने एक रूप ओळखेपर्यंत दुसरे तयार असते. लस बनवणे अवघड झाले आहे ते यामुळे.

सुनीतीबाई प्रयोगशाळेत थांबल्या नाहीत. त्या रुग्णांपाशी बसू लागल्या. अशा रुग्णांमध्ये काम करू नये, असे सुरुवातीला त्यांच्या पतीलाही वाटत होते. एकदा त्यांच्या कहाण्या ऐका, मग बोला, असे त्यांनी पतीला सांगितले. १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र सुरू केले. तिथे तपासणी, उपचार, समुपदेशन आणि संशोधन एकत्र चालू झाले. एचआयव्ही असलेल्या मुलामुलींची लग्ने जुळवण्याचे कामही त्यांनी केले. आजार आहे म्हणून संसार नाही, हे त्यांना मान्य नव्हते.

त्याच सुमारास, १९९२ मध्ये, पुण्यात भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. आपल्या बावड्यापासून तीन-साडेतीन तासांच्या वाटेवर. तिथल्या डॉ. रमण गंगाखेडकर व सहकाऱ्यांनी पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात देहविक्रय न करणाऱ्या, बहुतेक करून लग्नाच्या स्त्रियांपैकी शंभरात दहाहून अधिक जणींना एचआयव्ही आढळला. त्यांच्यातल्या बहुतेकींचा संबंध फक्त आपल्या नवऱ्याशी होता. 'बाई वाईट चालीची होती म्हणून झाले' असे बोलणाऱ्यांना पुण्याच्या शास्त्रज्ञांनी हे उत्तर दिले आहे.

सर्वांत मोठी बातमी २०११ मध्ये आली. नऊ देशांतल्या १७६३ जोडप्यांचा अभ्यास झाला. प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही होता, दुसऱ्याला नव्हता. भारतातून चेन्नईचे सुनीतीबाईंचे केंद्र आणि पुण्याची संस्था त्यात होत्या. ज्यांना औषध लवकर सुरू झाले, त्यांच्याकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली. पुढच्या अभ्यासांतून आणखी स्पष्ट झाले, की नियमित गोळीने रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. म्हणजे गोळी रुग्णाला जगवते आणि जोडीदारालाही वाचवते.

२८ जुलै २०१५ रोजी सुनीतीबाई गेल्या. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आता आपल्या कामाचे. एचआयव्ही पसरतो तो असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, दुसऱ्याने वापरलेल्या सुईतून आणि आईकडून बाळाला. कपातून, ताटातून, एका नळाच्या पाण्यातून, हात धरल्याने, डास चावल्याने, एका संडासाच्या वापराने तो पसरत नाही. आमच्या भागात ऊसतोडीला माणसे येतात, आमची माणसे ट्रकवर, बांधकामावर बाहेर जातात. घरापासून महिनोन्‌महिने लांब राहणाऱ्याला दोष न देता निरोधची आणि तपासणीची माहिती दिली पाहिजे.

सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशन व चाचणी केंद्रात तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त ठेवले जाते. १ एप्रिल २००४ पासून सरकार एआरटी औषधे मोफत देत आहे. २०१७ पासून सीडी-४ किती आहेत याची वाट न पाहता, तपासणीत एचआयव्ही निघताच उपचार सुरू करायचे धोरण आहे. गरोदर ताईंनी पहिल्या महिन्यांतच तपासणी करून घ्यावी. आईला वेळेवर औषध मिळाले तर बहुतेक बाळे निरोगी जन्मतात. वापरलेली सुई टोचली किंवा धोक्याचा संबंध घडला, तर ७२ तासांच्या आत, जितके लवकर तितके बरे, सरकारी रुग्णालय गाठावे. लागण टाळणारी औषधे तिथे मिळतात. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

२०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून काढणे, शाळेत प्रवेश नाकारणे, दवाखान्यातून परत पाठवणे, भाड्याचे घर खाली करायला लावणे हे या कायद्याने चालत नाही. कुणाचा आजार त्याच्या संमतीवाचून चारचौघांत सांगणेही चालत नाही.

बाण लागलेल्या माणसाची भगवान बुद्धांची गोष्ट आपल्या विहारात अनेकदा सांगितली जाते. बाण कुणी मारला, कोणत्या कुळातला होता, धनुष्य कशाचे होते, हे विचारत बसले तर माणूस मरतो. आधी बाण काढायचा. वस्तीत कुणी आजारी पडला की 'कुठून आणला' हा आमचा पहिला प्रश्न असतो. 'गोळी चालू आहे का, न्यायला सोबत येऊ का' हा प्रश्न आम्ही विचारला असता, तर त्या ताईंचे मालक कदाचित आज असते. लोक पाहतील या भीतीने ते दवाखान्यात जाणे टाळत राहिले, हे आम्हाला फार उशिरा कळले.

ताई आज वस्तीतच आहेत. वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला येतात आणि मागे, दाराजवळ बसतात. या वर्षी वाचनानंतरच्या चहाची जबाबदारी आम्ही घेतली आहे. कपबशा सगळ्यांना सारख्या असतील, आणि त्यांना पुढे येऊन बसा असे आम्ही स्वतः सांगणार आहोत.