दोघांची चाल, दोघांची नाडी

गेल्या वैशाखात उंब्रजच्या माझ्या दवाखान्यात एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी आल्या. ते ६८ वर्षांचे, त्या ६३ च्या, दोघांनाही मधुमेह. पुण्याच्या मुलाने मोबाइलवर एक व्यायाम पाठवला होता. काही मिनिटे झपाझप चालायचे, काही मिनिटे सावकाश, पुन्हा झपाझप. तीन महिने दोघेही पहाटे न चुकता चालले. सरांची साखर उतरली होती, बाईंची होती तिथेच. "माझंच काही चुकतंय का, डॉक्टर?" असे बाईंनी विचारताच सर उत्तरले, "ती मध्येच मागे पडते."

बाईंचे काही चुकत नव्हते. चूक होती ती दोघांना एकाच मापाने मोजण्यात, आणि ती अनेक घरांत मोठ्या हौसेने केली जाते. म्हणून हा लेखनप्रपंच.

या व्यायामाला 'हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग' म्हणतात. तरुण मुले नुसते 'हिट' म्हणतात. नाव नवे असले तरी रीत आपल्याला अपरिचित नाही. कराडजवळच्या सदाशिवगडावर पहाटे जाणारी मंडळी पाहा. चढ चढायचा, धाप लागली की थांबायचे, दम परतला की पुन्हा चढायचे. श्रम आणि विसावा यांची ही आलटापालट म्हणजेच इंटरव्हल.

ज्येष्ठांना झेपेल असे तिचे सौम्य रूप जपानमधील शिन्शू विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ६० पुरुष आणि १८६ स्त्रिया होत्या. सरासरी वय ६३. तीन मिनिटे वेगाने आणि तीन मिनिटे संथ, अशी किमान पाच आवर्तने, आठवड्यातून किमान चार दिवस. पाच महिन्यांनी असे चालणाऱ्या गटाच्या मांड्यांची ताकद सुमारे १३ टक्क्यांनी वाढली, वरचा रक्तदाबही उतरला. सलग मध्यम गतीने चालणाऱ्यांत एवढा फरक दिसला नाही. यात 'वेगाने' म्हणजे ज्याच्या त्याच्या कमाल क्षमतेच्या ७० टक्के वा त्याहून थोडे अधिक. नवऱ्याच्या क्षमतेच्या नव्हे.

याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. स्त्रीचे हृदय आकाराने लहान असते, एका ठोक्यात ते रक्त कमी ढकलते, आणि हिमोग्लोबिनही सर्वसाधारणपणे पुरुषापेक्षा कमी असते. त्यामुळे त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालताना तिला आपल्या क्षमतेचा मोठा हिस्सा खर्चावा लागतो. सरांना जी रमतगमत चाल वाटे, ती बाईंची जवळजवळ कमाल होती. दुसरी बाजू पुरुषांना सहसा कोणी सांगत नाही. स्त्रियांचे स्नायू तुलनेने सावकाश थकतात, श्रमात चरबीचा वापर अधिक करतात, आणि दोन जोरकस फेऱ्यांच्या मध्ये त्या बहुधा लवकर सावरतात. विसाव्याची गरज सरांनाच जास्त. पण तालमीत घाम गाळलेल्या आमच्याकडच्या पुरुषांना विसावा म्हणजे हार वाटते.

साखरेचे काय? कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचा एक छोटा प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवडे अतितीव्र, पण अगदी अल्पकाळाचा व्यायाम केल्यावर पुरुषांची दिवसभराची सरासरी साखर उतरली, स्त्रियांची नाही. प्रयोग अवघ्या सात पुरुषांचा आणि सात स्त्रियांचा, तेही तरुण. त्यावरून साठीपुढच्या बाईंचा निकाल लावणे योग्य नव्हे. तरीही मी बाईंना चालण्यासोबत आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम जोडायला सांगितले : खुर्चीवरून उठबस, भिंतीला तळहात टेकून ढकलणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे. रक्तातील साखर रिचवणारे मोठे कोठार म्हणजे स्नायू. बाईंकडे ते मुळात लहान, आणि रजोनिवृत्तीनंतर आणखी आक्रसणारे.

नाडीचा हिशेबही वेगळा. '२२० वजा वय' हे सूत्र आपण ऐकले असेल. शिकागो परिसरातील पाच हजारांहून अधिक स्त्रियांच्या ट्रेडमिल चाचण्यांवरून २०१० मध्ये स्त्रियांसाठी वेगळे सूत्र मांडले गेले : वयाला ०.८८ ने गुणून ते २०६ मधून वजा करावे. बाईंचा कमाल आकडा १५७ ऐवजी १५१ येतो. अर्थात मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी मुळातच दबलेली असते आणि दोन्ही सूत्रे निरुपयोगी ठरतात. तेव्हा साधी खूण धरा. वेगात असताना एखादे छोटे वाक्य बोलता यावे, गाणे म्हणता येऊ नये. बोलणेच खुंटले, तर वेग जास्त झाला.

आता माझ्याच चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी साठीच्या एका बाईंनी सांगितले, की चढावर जबडा आणि पाठ भरून येते, थोडे मळमळते. छातीत दुखत नव्हते. मी पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. चौथ्या दिवशी त्या कराडला अतिदक्षता विभागात होत्या. त्या वाचल्या, आजही माझ्याकडेच येतात, आणि त्यांना पाहिले की मला ती चिठ्ठी आठवते. हृदयविकारात छातीत दुखणे स्त्रियांतही असते; पण धाप, मळमळ, जबडा वा पाठ दुखणे, अकारण गळून जाणे ही लक्षणे त्यांच्यात अधिक आढळतात, आणि घरातले ती 'पित्त' म्हणून सोडून देतात. पुरुषांचे दुखणे छातीत असते, तेही ते लपवतात. सांभाळणाऱ्या सून-मुलांनी दोघांनाही रोज एकच प्रश्न विचारावा : कालच्यापेक्षा आज लवकर दम लागला का?

सुरुवातीपूर्वी रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि ईसीजी तपासून घ्या. अलीकडे हृदयविकाराचा झटका आला असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्याला इजा झाली असेल, तर डॉक्टरांच्या संमतीशिवाय हा व्यायाम नकोच. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. पहिले पंधरा दिवस वेग एकच मिनिट, संथ चाल तीन मिनिटे. गुडघे कुरकुरत असतील तर सपाट रस्ता बरा. आणि कृपा करून अंधारात महामार्गाच्या कडेने चालू नका.

सर आणि बाई आता निघतात एकत्र, पण ठरलेल्या झाडापर्यंत जो तो आपल्या गतीने जातो आणि तिथून दोघे सावकाश परततात. बाईंची साखर थोडीशीच उतरली, म्हणून मी एक गोळी वाढवली. हात न टेकता खुर्चीवरून त्या सलग बारा वेळा उठतात. सरांचे अजून नऊवर अडले आहे.