लोकल भुयारांत न्यावयाची, पण कोणासाठीं?

ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. पुढें शहर त्या रुळांच्या आश्रयानेंच उत्तरेकडे वाढत गेलें आणि आज तेच रूळ वस्तीच्या मधून भिंतीसारखे उभे आहेत. पूर्वेकडच्या माणसास पश्चिमेकडे जावयाचें तर त्यानें पूल शोधावा, नाहीं तर जीव मुठींत धरून रूळ ओलांडावे. तेव्हां हे लोहमार्ग जमिनीखालीं न्यावेत व वरची जागा मोकळी करावी, अशी सूचना पुन्हा पुन्हा ऐकूं येते यांत नवल नाहीं. ती हंसण्यावारी नेण्यासारखी खास नव्हे. परंतु तिच्यांत हित कोणाचें, हा प्रश्न आधीं विचारला पाहिजे.

हें काम अशक्य आहे असें आतां कोणासही म्हणतां येणार नाहीं. लंडनांत १८६३ सालीं वाफेचें इंजिन भुयारांतून धांवलें. कलकत्त्यास १९८४ त भुयारी रेल्वे सुरू झाली आणि आमच्या मुंबईंतही आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरांचा मेट्रोमार्ग ऑक्टोबर २०२५ मध्यें पूर्णपणें खुला झाला. मात्र त्याचा मूळ अंदाज २३,१३६ कोटी रुपयांचा असतां खर्च ३७,००० कोटींच्या वर गेला. म्हणजे किलोमीटरमागें सुमारें ११०० कोटी! लोकलचा डबा मेट्रोच्या डब्याहून रुंद, गाडी त्याहून लांब. तेव्हां तिचें भुयार व तिचीं स्टेशनें अधिकच मोठीं लागणार. शिवाय खोदकाम चालू असतां रोजच्या लक्षावधि उतारूंस घरीं बसा असें सांगतां येणार नाहीं. कलकत्त्याच्या बहूबाजारांत २०१९ सालीं बोगदा खणतांना भूगर्भांतील पाणी फुटून वरचीं घरें कोसळलीं. मुंबईंत २६ मे २०२५ च्या पावसांत नव्या आचार्य अत्रे चौक स्टेशनांत पाणी शिरलें, तेव्हां तें खुलें होऊन पुरते तीन आठवडेही झाले नव्हते. म्हणून भुयार खणूंच नये असें आम्ही म्हणत नाहीं. घाईनें खणूं नये, एवढेंच म्हणतों.

भुयाराच्या बाजूनें खरा मुद्दा आहे तो माणसांच्या जिवाचा. २०२२, २०२३ व २०२४ या तिन्ही वर्षीं मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दरवर्षीं २,४०० हून अधिक माणसें मेलीं. कोणी रूळ ओलांडतांना, कोणी गर्दीनें भरलेल्या डब्यांतून पडून. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याच्या वळणावर दारांत लोंबकळणारे उतारू खालीं पडले व त्यांतील कांहीं प्राणांस मुकले. भुयारांत रूळ ओलांडण्याचा प्रश्नच उरत नाहीं आणि दारें उघडीं ठेवून गाडी नेतां येत नाहीं. दोन्ही अनर्थ टळतील, हें आम्हांस मान्य आहे. पण दारें बंद करावयास भुयारच कशाला हवें? बंद दारांची वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ पासून जमिनीवरूनच धांवत आहे आणि मुंब्र्याच्या अपघातानंतर नव्या सर्व लोकल गाड्यांस आपोआप मिटणारीं दारें बसविण्याचें रेल्वे खात्यानें स्वतःच जाहीर केलें आहे. तें वचन पुरें करणें, हवा खेळती राहील असे डबे बांधणें, कुंपणें व रुंद पूल उभारणें, हीं कामें तुलनेनें थोड्या पैशांत होण्यासारखीं आहेत. भुयाराच्या आशेवर तीं पुढें ढकलणें म्हणजे गरीब उतारूच्या जिवाशीं खेळणें होय.

आतां मोकळ्या होणाऱ्या जागेविषयीं. आमचे व्यापारी वाचक म्हणतील कीं, ती विकून भुयाराचा खर्च काढावा. हा विचार व्यवहाराचा आहे. पण गिरण्यांच्या जमिनींचा धडा त्यांनीं विसरूं नये. १९९१ च्या नियमावलींतील ५८ व्या नियमानें त्या जमिनींचे ढोबळ मानानें तीन वांटे केले होते: एक मोकळ्या मैदानासाठीं, एक सार्वजनिक घरांसाठीं व एक मालकासाठीं. २००१ सालीं नियम बदलला व ही वांटणी रिकाम्या जागेपुरतीच उरली. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयांतही तो बदल टिकला. गिरणगांवांत आज मनोरे पाहावयास मिळतात, मैदानें शोधावीं लागतात. रेल्वेच्या जागा व्यापारी उपयोगास देण्यासाठीं तर २००५ सालीं कायदा दुरुस्त करून स्वतंत्र प्राधिकरणाची तरतूद झालेलीच आहे. तेव्हां कोणता हिस्सा लोकांचा हें पहिली कुदळ पडण्यापूर्वीं, आणि तेंही कायद्यानें ठरलें पाहिजे. जो नियम मागाहून एका अधिसूचनेनें बदलतां येतो तो लोकांचें रक्षण करीत नाहीं, हें सांगावयास वकील लागत नाहीं.

आमचें मत स्पष्ट आहे. दारें, पूल व कुंपणें हीं कामें आधीं व्हावींत. छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस ते कुर्ला यांमधील पांचवा-सहावा मार्ग जागेअभावीं वर्षानुवर्षें रखडला आहे. अशा दाट वस्तींत नव्या मार्गांसाठीं प्रथम भुयाराची तपासणी व्हावी. तेथें नवे मार्ग चालू झाल्यावर जुने रूळ उचलण्याचा विचार करावा, आणि त्या वेळीं मिळणाऱ्या जमिनीचा हिशेब दरवर्षीं जाहीर व्हावा. रोज सकाळीं कल्याणास वा विरारास गाडींत पाय ठेवण्यापुरती जागा शोधणाऱ्या माणसाचें ज्यांत हित आहे, तेवढ्यालाच आमचा पाठिंबा राहील.