गताचा निरोप घेताना

भगवान सूर्यनारायण मकर राशीत प्रवेश करतात, तो हा पुण्यकाल. संक्रमण म्हणजे ओलांडून पुढे जाणे. धनू राशीचा उंबरठा मागे टाकल्यावाचून मकरेत पाऊल पडत नाही, एवढा साधा अर्थ या शब्दाच्या पोटात आहे. सुवासिनी सुगडे पूजतात, लहानथोर एकमेकांच्या हातावर तिळगूळ ठेवतात आणि ‘गोड बोला’ म्हणतात. गोड बोलावयाचे तर मागचे कडू विसरले पाहिजे, हे त्यात न बोलता आलेच.

आम्ही परतुरास चाळीस वर्षे कीर्तनसेवा करीत आहो. वाल्या कोळ्याचे आख्यान आमच्या विशेष आवडीचे. वाटमारी करणारा वाल्या रामनामाने वाल्मीकी झाला, हे सांगताना आमचा कंठ दाटतो आणि श्रोत्यांचेही डोळे पाणावतात. गतवर्षी पौषात असेच कीर्तन आटोपल्यावर दर्शनास आलेल्या एका वृद्ध मातेने हळूच विचारले, “बुवा, वाल्याचं मागचं सगळं देवानं पोटात घातलं. तुमच्या धाकट्या भावाचं तुम्ही कधी घालणार?”

आम्ही निरुत्तर झालो. आमच्या बंधूंनी तीस वर्षांपूर्वी जातीबाहेर विवाह केला. तीर्थरूपांनी त्यांच्या घरचे पाणी वर्ज्य केले. तीर्थरूप निवर्तले, तरी तो निर्बंध आम्ही पितृधनासारखा सांभाळला. बंधू जालन्यास राहतात. दुधनेकाठच्या या आमच्या गावाहून आगगाडीत बसले की फार दूर नाही. परंतु एवढी वाट आम्हांस तीस वर्षांत सरली नाही.

त्या रात्री जालन्याचा विचार करता करता दुसऱ्या दोन भावांची हकीकत स्मरली. जालन्यानजीक बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसविली. हे मूळचे ब्राह्मण. मुंबईस मिशनच्या शाळेत शिकत असता 1843 साली त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पुढे ते निजामाच्या मुलखात जालन्यास आले. सालारजंग यांच्या दिवाणगिरीत त्यांस जमीन मिळाली, आणि तेथे त्यांनी मुख्यत्वे मातंग समाजातील कुटुंबांस आश्रय दिला. ज्या समाजाची सावली टाळण्याचे संस्कार घेऊन ते जन्मले, त्याच समाजात त्यांनी आयुष्य वेचले. 1891 साली त्यांचे देहावसान झाले.

त्यांचा धाकटा बंधू श्रीपत याची कथा निराळी. तोही मिशनऱ्यांकडे गेला होता. परंतु तो अल्पवयी असल्याने न्यायालयाने त्यास पित्याच्या स्वाधीन केले. मुलगा घरी आला, तरी घराचे दार उघडेना! ख्रिस्ती लोकांच्या पंक्तीस जेवलेला मुलगा पुन्हा जातीत कसा घ्यावा, यावर मुंबईच्या ब्रह्मवृंदात मोठा वाद माजला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्या पोराच्या पाठीशी उभे राहिले आणि प्रायश्चित्त देऊन त्यास जातीत घ्यावे, असा त्यांनी आग्रह धरला. त्यापायी त्यांस स्वजनांचा रोष सोसावा लागला. थोरला पुढे गेला, धाकटा परत आला. दोघांचे पूर्वायुष्य लोकांनी मात्र मुठीत घट्ट धरून ठेवले.

नारायणरावांनी जो मार्ग पत्करला, त्या मार्गावरील आद्य प्रवाशांपैकी एक संत पौल. हेही आपल्या शास्त्रात पारंगत, कुलाचा व विद्येचा अभिमान बाळगणारे. ख्रिस्ताच्या अनुयायांचा त्यांनी आरंभी छळ केला. स्तेफन नामक भक्तास दगडांनी ठेचून मारले, त्यास त्यांची संमती होती. पुढे दमिष्काच्या वाटेवर त्यांस साक्षात्कार झाला. फिलिप्पैच्या मंडळीस बंदिवासातून लिहिलेल्या पत्रात ते आपली उपमा शर्यतीत धावणाऱ्यास देतात. मागील सारे विसरून, पुढे असलेल्या गोष्टींकडे झेपावत मी धावतो आहे, असा त्यांचा भाव आहे. धावणारा मागे पाहील तर अडखळेल, हे उघडच आहे.

परंतु त्या ग्रंथातील आणखी एक प्रसंग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. पौल यरुशलेमास आले, तेव्हा शिष्यमंडळी त्यांस भिऊ लागली. हा आपला वैरी, याचा भरवसा कोण धरणार? तेव्हा बर्णबा नावाच्या सत्पुरुषाने त्यांस सोबत घेऊन प्रेषितांपुढे उभे केले. पौलांनी आपले गत सोडले होते. इतरांनीही ते सोडावे म्हणून बर्णबास पुढे व्हावे लागले. माणसाने आपला भूतकाळ टाकला, तरी इतरांनी तो उचलून ठेवला असेल, तर त्याची सुटका अर्धीच होते.

ज्याच्या वाट्यास दुःख आले त्याने काय करावे, हे लक्ष्मीबाई टिळकांकडून शिकावे. कवी नारायण वामन टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, आणि जिवंत पतीच्या वियोगाचे दुःख या माउलीच्या वाट्यास आले. त्या काळात काही दिवस त्यांनी पंढरीत, विठ्ठलाच्या पायांशी काढले. कालांतराने त्या पतीजवळ राहू लागल्या, पण सोवळे सुटले नाही. माणसामाणसांतील हे भेद ईश्वराने केलेले नाहीत, असा त्यांच्या मनाचा निश्चय झाला, तेव्हाच ते गळाले. 1900 साली त्याही ख्रिस्ती झाल्या. पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना त्यांनी त्यातले काही लपविले नाही. सारे आठवते, सांगताना हसूही येते. पतीविषयी विष मात्र कोठे नाही. आठवण राहावी आणि तिचा काटा निघावा, यालाच आम्ही विसरणे म्हणतो.

आमचा स्वधर्म आम्हांस प्राणप्रिय आहे. विठ्ठलाच्या नामावाचून आमच्या मुखी दुसरे नाम यावयाचे नाही. तथापि सद्गुण जेथे दिसेल तेथे हात जोडावे, हीच आमच्या संतांची रीत. बर्णबाने पौलांसाठी केले, बाळशास्त्र्यांनी परक्याच्या मुलासाठी केले. आम्हांस सख्ख्या भावासाठी तीस वर्षांत करता आले नाही. वाल्याची कथा सांगून बिदागी घेणाऱ्या आम्हांस याची लाज वाटली पाहिजे, आणि ती वाटते.

वाचकहो, हा लेख आपल्या हाती पडेल, तेव्हा आम्ही जालन्याच्या गाडीत असू. सोबत तिळगुळाचा डबा आहे. बंधूंनी दार उघडलेच पाहिजे, असे म्हणण्याचा अधिकार आम्ही केव्हाच गमावला आहे. उघडले, तर भावजयीच्या हातचे तांब्याभर पाणी मागून घेऊ आणि मगच तिळगूळ पुढे करू. न उघडले, तर पायरीवर डबा ठेवून परत येऊ व पुढल्या संक्रांतीस पुन्हा जाऊ.

आपल्याही घरी असे एखादे दार असेल. आजचा पर्वकाळ साधून तेथवर जावे, एवढीच सर्वांस हात जोडून प्रार्थना. तिळगूळ घ्या, गोड बोला.