रुळांवरचा पूल कोणाचा?

मुंबईत रेल्वेमार्ग ओलांडणाऱ्या रस्त्यावरच्या पुलाचे कागदावर दोन तुकडे असतात. रुळांवरचा भाग रेल्वेचा, दोन्हीकडचे पोहोचरस्ते महापालिकेचे. २०१६ पासून या शहराने पुलांपायी जे सोसले, त्यातले बरेचसे या वाटणीत अडकलेले आहे.

सुरुवात सँडहर्स्ट रोडच्या हँकॉक पुलापासून करावी लागते. ब्रिटिश काळातला हा पूल गाड्यांना उंचीला कमी पडत होता, म्हणून जानेवारी २०१६ मध्ये रेल्वेने तो पाडला. पाडकाम ठरल्याप्रमाणे झाले. पण डोंगरी-माझगावच्या लोकांनी पलीकडे जायचे कसे, याचे उत्तर कुणाकडेच नव्हते. शाळेची मुले दप्तरे घेऊन रूळ ओलांडू लागली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. नव्या पुलाचे आराखडे, रेल्वेची मंजुरी, वाटेत येणाऱ्या इमारती यांत सहा वर्षे गेली आणि २०२२ मध्ये अर्धाच पूल खुला झाला.

२९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे गेली. त्या जागी रुंद पादचारी पुलाला मंजुरी आधीच मिळालेली होती. ती कागदावरून जमिनीवर उतरली नव्हती, एवढेच. मग लष्कराला बोलावले गेले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथला नवा पूल सुरू झाला. इतकी माणसे गेल्यावर जे काम पाच महिन्यांत होते, ते आधी का होत नाही, हा प्रश्न मला आजही सोडत नाही.

३ जुलै २०१८ ला अंधेरीच्या गोखले पुलाचा पदपथ रुळांवर कोसळला. एका मोटरमनने वेळीच ब्रेक लावला म्हणून लोकल ढिगाऱ्याआधी थांबली. तरीही या दुर्घटनेत दोघांचा जीव गेला. देखभाल नेमकी कोणी करायची, यावरून दोन्ही यंत्रणांनी एकमेकांकडे बोट दाखवले. पुढच्या वर्षी, १४ मार्चच्या संध्याकाळी, सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला. सात जण गेले. पहिले काही तास पूल रेल्वेचा की पालिकेचा, याचीच चर्चा चालली होती. तो पालिकेचा निघाला. काही महिने आधीच्या तपासणीत तो किरकोळ दुरुस्तीनंतर वापरायला योग्य ठरवला होता, हे त्याहून भयंकर होते. जखमींना उचलताना पुलाचा मालक कोण, हे कुणी विचारत बसत नाही. तो प्रश्न पूल उभा असताना विचारायचा असतो.

सगळ्यांत बोलका इतिहास मात्र गोखले पुलाचाच. धोकादायक ठरलेला हा पूल ७ नोव्हेंबर २०२२ ला बंद झाला आणि पूर्व-पश्चिम अंधेरीचा तो सरळ रस्ताच गेला. रुळांवरचा भाग रेल्वेने पाडला. नवा पूल पालिका बांधणार होती. गर्डर अंबाल्याच्या कारखान्यात बनत होते, तिकडच्या पुराने तेही लांबले. अखेर २६ फेब्रुवारी २०२४ ला एक बाजू खुली झाली आणि लोकांच्या लक्षात आले की, शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल नव्या पुलाला जुळतच नाही. जुन्या पुलाला तो जोडलेला होता. रुळांवर आता जास्त उंची सोडावी लागते, म्हणून नवा पूल वर गेला आणि बर्फीवाला खालीच राहिला. मध्ये सुमारे दीड मीटरची पायरी. उंची वाढणार हे आराखड्यातच होते. ज्या कागदावर गोखले पुलाची उंची वाढली, त्याच कागदावर बर्फीवालाचे काय करायचे, हे लिहायला हवे होते.

पुढे व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांचा सल्ला घेतला गेला. बर्फीवालाचा भाग जॅक लावून एका बाजूने १,३९७ आणि दुसऱ्या बाजूने ६५० मिलिमीटर उचलला आणि जुलै २०२४ मध्ये दोन्ही पूल जोडले. हे काम अवघड होते आणि अभियंत्यांनी ते चोख केले, त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पूर्ण गोखले पूल मे २०२५ मध्ये खुला झाला.

मशीद बंदरचा कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडला, त्याच्या जागी नवा पूल जुलै २०२५ मध्ये आला. एल्फिन्स्टनचा वाहनांचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाला आणि परळ-प्रभादेवीकरांचा वळसा सुरू झाला.

म्हणून रेल्वे आणि महापालिका दोघांकडेही एक मागणी आहे. प्रत्येक पुलावर ठळक पाटी लावा: देखभाल कोणाकडे, शेवटची तपासणी कधी झाली, जबाबदार अभियंता कोण आणि तक्रार कुठे करायची. अशी पाटी तुमच्या रोजच्या पुलावर नसेल, तर ती आपल्या नगरसेवकाकडे लेखी मागा.