छायाचित्राची साक्ष

विद्यार्थ्यांसमवेत आम्ही ‘मरुत’ या भारतीय लढाऊ विमानाची १:७२ प्रमाणातील प्रतिकृती घडविली. कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूर येथे आकारास आलेले हे विमान १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले व १९७१च्या युद्धात राजस्थान आघाडीवर लढले. मूळ लांबी १५.८७ मीटर, प्रतिकृतीत ती २२ सेंटिमीटर होते. माप आकड्यांतून मिळते, रूप मात्र छायाचित्रांतूनच शोधावे लागते.

संग्रहालयातील विमानाच्या छायाचित्रावरून आम्ही रंग दिले आणि खाली ‘१९७१’ अशी पाटी लावली. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, हा फोटो कोणत्या वर्षीचा?” आम्ही निरुत्तर झालो.

संग्रहालयातील विमान अनेकदा नव्याने रंगविलेले असते. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रातील मरुत पाहून घडण, सांधे, चाकांची रचना समजते. रंग व चिन्हांसाठी त्या काळातील छायाचित्रच प्रमाण मानावे. त्यातही विमानाचा क्रमांक आणि छायाचित्राचे वर्ष आधी जुळवावे. कृष्णधवल छायाचित्र छटांतील भेद दाखविते, रंग सांगत नाही.

आम्ही पाटी काढली. पुराव्यावाचून वर्ष लिहू नये, हा इतिहासाचा पहिला धडा त्या मुलीने आम्हांस पुन्हा शिकविला.